जंतू काढा, गुन्हेगार काढू नका
(अंधेरी येथे विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



अँटिबायोटिकवर तुम्ही काढलेली पोस्टर मी मघाशी फिरून पाहिली. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, चित्रकलेतलं मला फार कळत नाही. पण ही पोस्टर जुहू गल्लीत, मरोळमध्ये, गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी लागणार आहेत. तिथला माणूस त्यातून काय घेऊन घरी जाईल, एवढ्यावरच बोलते.

‘प्रतिजैविक’ हा शब्द आपल्या घरांत कोणी वापरत नाही. अम्मी म्हणते, ‘पावरवाली गोळी’. ती लागू पडेनाशी झाली की म्हणते, ‘अंगाला सवय झाली’. गैरसमज इथेच आहे. बदलतं ते अंग नाही, जंतू बदलतो. लाखो जंतूंमध्ये मोजकेच असे असतात की ज्यांच्यावर औषध चालत नाही. औषधाने बाकीचे मरतात, हे उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. पुढे ते अशा माणसालाही लागतात, ज्याने ती गोळी कधी घेतलेलीच नाही. म्हणजे भाईजानच्या गोळीचा परिणाम दादीच्या फुप्फुसात दिसू शकतो.

हे समजावायला मला वर्गात एक तास लागतो. तुम्ही ते चार चौकटींत काढू शकता. म्हणून चित्र हवं. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग स्वतः रंगीत जिवाणू वाढवून त्यांची चित्रं करायचे. १९४५ साली नोबेल स्वीकारताना त्यांनीच बजावलं होतं की, हे औषध दुकानात कोणालाही मिळू लागलं, तर लोक अपुरा डोस घेतील आणि जंतूंना औषध पचवायला शिकवतील. आज आपण तिथे पोचलो आहोत. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आहे.

आता माझी तक्रार. तुमच्या बऱ्याच पोस्टरवर एक माणूस अर्धी स्ट्रिप फेकून देतोय आणि खाली लिहिलंय, ‘निष्काळजी’. हा माणूस कोण आहे? मरोळच्या कारखान्यात रोजावर जाणारा. खाडा झाला की पगार कापला जातो. डॉक्टरची फी भरल्यावर खिशात तीनच दिवसांच्या गोळ्यांचे पैसे उरतात. ताप उतरला की तो कामावर जातो. त्याला निष्काळजी म्हणून काय साधणार?

आणि गोळी लिहून देणाऱ्याचं काय? इथून फार लांब नसलेल्या धारावीत १०६ खासगी डॉक्टरांना क्षयरोगासाठी चिठ्ठी लिहायला सांगितली गेली. त्यांनी ६३ वेगवेगळे औषधोपचार लिहिले. बरोबर होते फक्त सहा जणांचे. २०१० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेलं एकही औषध त्यांच्या क्षयाच्या जंतूवर चालत नव्हतं. यातल्या तिघांनी वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांकडून उपचार घेतले होते. औषधं एकेक करून वाढवली गेली होती आणि डोसही अनेकदा चुकलेले होते. कोंबड्यांचंही तसंच. माणसाला शेवटचा उपाय म्हणून देतात ते कोलिस्टिन पोल्ट्रीत वापरलं जात होतं. सरकारने २०१९ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली.

म्हणजे साखळी लांब आहे आणि पोस्टरवर फक्त शेवटची कडी दिसते.

आजाराला माणसाचा चेहरा दिला की काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २०२० मध्ये कोरोनाला आपल्या समाजाचा चेहरा दिला गेला. भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीतून हाकललं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं म्हटलं. पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्यांनी हे सोसलं, त्यांच्या कुंचल्यातून गरिबाच्या कपाळावर तसाच शिक्का बसू नये.

घाबरवूही नका. ‘अँटिबायोटिक म्हणजे विष’ असं वाचून न्यूमोनिया झालेल्या बाळाचं औषध कोणी थांबवलं, तर ते पाप आपल्या माथी येईल. गरज असताना हेच औषध जीव वाचवतं. क्षयाचं औषध तर डॉक्टर सांगतील तितके महिने घ्यायलाच हवं. साध्या सर्दीत आणि फ्लूमध्ये मात्र त्याचा उपयोग नाही, कारण ते आजार विषाणूंचे आहेत आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं.

मग काढायचं काय? लोकांच्या हातात प्रश्न द्या. डॉक्टरसमोर विचारायचे तीन प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहा: हे अँटिबायोटिक आहे का? मला त्याची गरज आहे का? किती दिवस आणि दिवसातून किती वेळा घ्यायचं? गोळ्यांच्या स्ट्रिपवरची उभी लाल रेघ काढा. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. २०१६ पासून सरकार तिचा प्रचार करतंय, तरी किती घरांना ती ठाऊक आहे ते तुम्हीच विचारून बघा. पोस्टर मराठीत करा, उर्दूत करा, हिंदीतही करा. आणि ते लावा दवाखान्याच्या बाकासमोर, मेडिकलच्या काउंटरशेजारी, जिथे माणूस गोळी हातात घेतो.

छापायला देण्यापूर्वी एक चाचणी घ्या. खालची अक्षरं हाताने झाका आणि चित्र दादीला किंवा शेजारच्या खालाला दाखवा. ‘बिचाऱ्याची चूक झाली’ असं त्या म्हणाल्या, तर चित्र पुन्हा काढा. ‘मग मी डॉक्टरला काय विचारू?’ असं त्यांनी विचारलं, तर छापायला द्या.