तापाला पत्ता असतो



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण नागपूरकर काळी आणि पिवळी मारबत वाजतगाजत मिरवतो. गावातली रोगराई बरोबर ने, असं तिला ओरडून सांगतो आणि शेवटी तिचं दहन करतो. शंभर वर्षांहून जुनी ही प्रथा मला मनापासून आवडते. पण मारबत गेली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रताप नगरातल्या माझ्या दवाखान्यात तापाची रांग लागलेलीच असते. उन्हाळ्यातला कुलर गच्चीवर तसाच पडलेला, त्याच्या टाकीत पावसाचं पाणी, आणि त्या पाण्यात डेंग्यूचे डास. मारबतीला गच्चीवर कोण नेणार!

2018 च्या पावसाळ्यात या रांगेत साठीचे एक शेतकरी होते. शेती हिंगण्याच्या पलीकडे, मुलगा जयताळ्याला राहायला. त्यानेच मोटरसायकलवर बसवून आणलं होतं. ‘सहा दिवस झाले डॉक्टरसाहेब, ताप काही उतरून नाही राहिला जी.’ मी तपासलं. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह, मलेरियाची निगेटिव्ह, प्लेटलेट थोड्या कमी. मी एक भारी अँटिबायोटिक इंजेक्शन सुरू केलं. भारी म्हणजे किमतीनेही भारी. तीन दिवस दिलं. ताप हलला नाही, उलट धाप लागायला लागली. मग एका रुग्णालयात भरती केलं.

तिथे वॉर्डात एक तरुण रेसिडेंट डॉक्टर होती. तिने आधी त्यांना विचारलं, ‘बाबा, एवढ्यात गवत कापलं का? धुऱ्यावर बसला होता का?’ मग धोतराची गाठ सैल करायला सांगितली. कमरेवर, जिथे धोतराचा आवळ असतो तिथे, एक काळी खपली होती. सिगारेटचा चटका बसावा तशी, दुखत नाही अशी. ‘कायतरी चावलं असंल,’ म्हातारबुवा म्हणाले. ती खपली म्हणजे स्क्रब टायफसची खूण. झुडपात, गवतात राहणाऱ्या अगदी बारीक किड्याची अळी चावते आणि हा आजार होतो. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि विदर्भात त्याची मोठी साथ होती, माणसंही दगावली. माझ्या भारी इंजेक्शनाचा या जंतूवर काही उपयोग नव्हता. उपयोग होता तो डॉक्सिसायक्लिन नावाच्या जुन्या, स्वस्त औषधाचा. ते सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला.

बरे होऊन ते मला भेटायला आले. तक्रारीचा सूर नव्हता, पण प्रश्न सरळ होता : ‘हे पहिल्याच दिवशी काहून नाही दिसलं जी?’

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या प्रश्नाबद्दल.

संसर्गजन्य रोगांचा तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, हे पुष्कळांना सांगता येत नाही. हृदयाचा डॉक्टर असतो, मूत्रपिंडाचा असतो, मेंदूचा असतो. या तज्ज्ञाच्या वाट्याला शरीराचा कोणताच एक भाग आलेला नाही. जंतू फुप्फुसात शिरतो, हाडात शिरतो, हृदयाच्या झडपेवर बसतो, मेंदूच्या आवरणात जातो. त्याच्यामागे याला सगळीकडे जावं लागतं. आणि खरं सांगायचं तर शरीराच्याही बाहेर जावं लागतं, कारण जंतू बाहेरूनच आलेला असतो. म्हणून या डॉक्टरचे प्रश्न पेशंटला विचित्र वाटतात. धानाच्या रोवणीला चिखलात उभे होता का? गडचिरोलीकडे जंगलात मुक्काम झाला का? बकरीचं दूध न तापवता प्यालात का? सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडच्या माणसाला तो विचारील, काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं का? 2016 मध्ये त्या भागात माकडतापाची साथ आली होती, आणि तो ताप गोचिडीमार्फत येतो. प्रत्येक प्रश्नामागे एक वेगळा आजार असतो. तापाला पत्ता असतो, श्रोतेहो. तो पत्ता काढता येणं, हे या शास्त्राचं अर्ध्याहून अधिक शिक्षण.

हे शिक्षण मिळतं कसं? एमबीबीएसची साडेपाच वर्षं, त्यानंतर एमडीची तीन, आणि त्यावर संसर्गजन्य रोगांतली डीएम ही पदवी, आणखी तीन वर्षं. म्हणजे बारावीनंतर साडेअकरा वर्षं, तीही प्रवेश परीक्षांच्या तयारीत वर्ष वाया गेलं नाही तर. दिल्लीचं एम्स, चंडीगडची पीजीआय, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही या शिक्षणाची नावाजलेली ठिकाणं. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिपही आहे. पण हृदयरोगाच्या जागांशी तुलना केली तर या विषयाच्या जागा मोजक्याच.

डीएमच्या तीन वर्षांत विद्यार्थी काय करतो, ते ऐकण्यासारखं आहे. त्याला स्वतःच्या वॉर्डापेक्षा दुसऱ्यांच्या वॉर्डातच जास्त हिंडावं लागतं. शस्त्रक्रिया विभागात जखम भरत नाही, कॅन्सरच्या पेशंटला केमोनंतर ताप आला, मूत्रपिंड बदललेल्या बाईला खोकला लागला, की याला बोलावणं येतं. मग तो प्रयोगशाळेत बसतो. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू कसा वाढतो, कोणतं औषध त्याला अडवतं, हे रिपोर्टच्या कागदावर वाचणं निराळं आणि काचेच्या बशीवर स्वतः पाहणं निराळं. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधीच कल्चरचं रक्त घ्यायचं, हा साधा नियम त्याच्या हाडीमाशी खिळतो. आमच्यासारखे डॉक्टर घाईत आधी इंजेक्शन देतात आणि मग रक्त पाठवतात. त्या रक्तात काही उगवत नाही, आणि काही उगवलं नाही म्हणून आम्ही दुसरं इंजेक्शन देतो. शिवाय डॉक्टर आणि नर्स हात धुतात की नाही, हेही हाच विद्यार्थी पाहतो. साडेअकरा वर्षं शिकून लोकांचे हात तपासायचे, याचं काहींना हसू येतं. पण रुग्णालयातला संसर्ग एका पेशंटकडून दुसऱ्याकडे पुष्कळदा हातांवरूनच जातो.

आपल्या महाराष्ट्राला हे शास्त्र परकं नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे पेशंट पाहून हा प्लेग आहे, असं ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याचे. पुढच्याच वर्षी, 10 मार्च 1897 ला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुंबईचं कस्तुरबा रुग्णालय, पुण्याचं नायडू रुग्णालय ही साथीच्या रोगांसाठीच चालत आली. आणि आपल्या वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा, महारोग्यांची सेवा करायची तर आधी तो रोग समजला पाहिजे, म्हणून कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन शिकून आले. ते डॉक्टर नव्हते. त्यांच्या आनंदवनाच्या पायात माणुसकी आहे हे आपण नेहमी सांगतो. तिथे या शिक्षणाचाही एक दगड आहे.

मग मधल्या काळात काय झालं? पेनिसिलिन आलं, क्षयाची औषधं आली, देवी गेली. जंतूंचा निकाल लागला असं वाटलं. हुशार मुलं हृदयाकडे, मेंदूकडे, सांध्यांकडे वळली. साथीच्या रोगांचं रुग्णालय गावाच्या कडेलाच राहिलं आणि तो विषयही अभ्यासक्रमाच्या कडेला गेला. ताप कुणालाही पाहता येतो, त्याला तज्ज्ञ कशाला, अशी समजूत झाली.

ती समजूत किती महागात पडली, याचा एक हिशेब मुंबईत झालेला आहे. 1991 मध्ये डॉ. मुकुंद उपलेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईतल्या 100 खासगी डॉक्टरांना क्षयाची औषधं लिहायला सांगितली होती. त्यांनी मिळून 80 निरनिराळे उपचार लिहिले. 2010 मध्ये डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारला. 106 डॉक्टर, 63 निरनिराळे उपचार. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी बरोबर चिठ्ठी लिहिणारे त्यांत किती होते? तीन. ही माणसं निष्काळजी होती असं मी म्हणणार नाही, कारण मीही त्यांच्यातलाच. दाखवायला कुणी नव्हतं, अडलं तर विचारायला कुणी नव्हतं. चुकीच्या आणि अर्ध्या उपचारातून जंतू मात्र शिकत गेले.

म्हणून या तज्ज्ञाचं एक मोठं काम म्हणजे औषध थांबवणं. हे शिकवायला फार अवघड. सर्दी-तापाला अँटिबायोटिक दिलं नाही तर पेशंटला वाटतं, डॉक्टरने काही केलंच नाही. ‘एक सलाईन तरी लावून द्या ना जी,’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. 1 मार्च 2014 पासून काही महत्त्वाची अँटिबायोटिक एच-वन यादीत आली; ती विकताना औषध दुकानदाराला वेगळ्या नोंदवहीत नोंद ठेवावी लागते. पण नोंदवही चिठ्ठीनंतर येते. चिठ्ठी लिहिणाऱ्या हाताला आवर घालायला वॉर्डात शेजारी उभा राहून ‘सर, हे आज बंद करूया’ म्हणणारा माणूस लागतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, आपण काळी बुरशी पाहिली. मधुमेह, स्टेरॉइड आणि घाई यांनी मिळून आपल्याच शहरात कितीजणांचे डोळे आणि जबडे नेले. स्टेरॉइडने तेव्हा जीवही वाचवले. कोणाला द्यायचं, कोणत्या दिवशी, किती, आणि कधी थांबवायचं, हे सांगणारी माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती.

आता आपल्या घरची एक गोष्ट सांगतो. जगातल्या विषाणूशास्त्राच्या पुस्तकांत चांदीपुरा नावाचा एक विषाणू आहे. पुष्कळांना वाटतं, ज्याच्यावरून हे नाव पडलं ते गाव ओडिशातलं, क्षेपणास्त्रं सोडतात ते. तसं नाही. हे चांदीपुरा आपल्या नागपूर जिल्ह्यातलं. 1965 मध्ये इथे तापाची साथ आली, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी तापाच्या दोन पेशंटच्या रक्तातून हा विषाणू वेगळा काढला आणि त्याला या गावाचं नाव मिळालं. पुढे बरीच वर्षं त्याची फारशी चर्चा झाली नाही. मग 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलांना मेंदूज्वर झाला, त्यांतली 183 दगावली, आणि कारण सापडलं ते हेच. 2007 मध्ये तो नागपूर विभागात मुलांवर उलटला. 2024 मध्ये गुजरातेत. भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी चावते, लहान मुलाला ताप येतो, झटके येतात, आणि एक-दोन दिवसांत सगळं आटोपतं. त्यावर खास औषध नाही, लस नाही. जे काही करायचं ते पहिल्या काही तासांत, आणि ते सुचलं तर.

म्हणजे बघा, विषाणूच्या नावातच आपला पत्ता आहे. मग तो ओळखायचं शिक्षणही या पत्त्यावर मिळायला नको का? दिल्ली-वेल्लोरला जाऊन आपली मुलं जरूर शिकोत, तिथलं शिक्षण उत्तम आहे. पण स्क्रब टायफसची खपली, रोवणीनंतरचा ताप, गडचिरोलीचा मलेरिया, सिकलसेलच्या मुलाला झपाट्याने होणारा न्यूमोनिया, हे सगळं ज्या खाटांवर पडलेलं असतं त्या खाटा इथल्या मेडिकल रुग्णालयाच्या आहेत, मेयो रुग्णालयाच्या आहेत, सेवाग्रामच्या आहेत. जिथे पेशंट तिथे शाळा, हा वैद्यकाचा जुना नियम. आणि इथे या विषयाचा विभाग निघाला, पण त्यातून बाहेर पडणारा प्रत्येकजण मोठ्या रुग्णालयाच्या काचेच्या केबिनमध्ये बसला तर तेवढ्याने भागणार नाही. त्याला वर्षातून दोनदा आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरांना शिकवणं बंधनकारक असावं, आणि त्याचा फोन आम्हाला लागावा. ताप आधी मोठ्या रुग्णालयात जात नाही. तो आधी आमच्या बाकावर येऊन बसतो.

ती खपली शोधणारी मुलगी पुढे याच विषयाचं शिक्षण घ्यायला दक्षिणेकडे गेली. जाण्याआधी भेटायला आली, तेव्हा मी तिला त्या शेतकऱ्याचा प्रश्न सांगितला आणि विचारलं, तुला कसं सुचलं ग? ती म्हणाली, ‘सर, मला नाही सुचलं. आदल्या आठवड्यात आमच्या मॅडमनी एका पेशंटच्या काखेत खपली दाखवली होती. म्हणून मी शोधली.’

मी ती पुस्तकात तीस वर्षांपूर्वी वाचली होती. दाखवली मात्र मला कुणी नव्हती. तेव्हापासून पावसाळ्यात ताप घेऊन कुणी आलं की मी पंखा थोडा कमी करतो, पडदा ओढतो आणि पेशंटला शर्ट काढायला सांगतो. काख, कंबर, जांघ पाहतो. माझ्याकडे शिकाऊ डॉक्टर बसला असेल तर त्यालाही बोलावतो. खपली बहुतेक वेळा नसते. पण कुठे बघायचं, हे तो बघून ठेवतो.