आरोग्यशिक्षण : संस्था, सरकार आणि आपले घर

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



तालीम म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पाटी-पुस्तक, परीक्षा आणि नोकरी उभी राहते. परंतु आजारी लेकराला दवाखान्यात केव्हा न्यावे हे समजणे, हीसुद्धा तालीमच आहे. आणि या परीक्षेत चूक झाली तर पुन्हा बसण्याची सोय नाही.

तिरोडा तालुक्यातील चोरखमारा आपणांस ठाऊक आहे. मोठा तलाव, सभोवती धानाची शेती आणि लगतच नागझिरा अभयारण्याचे प्रवेशद्वार. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, असे तिथले वर्ष चालते. अशा गावी थंडीच्या रात्री तान्ह्या मुलाला धाप लागली, तर जंगलालगतच्या रस्त्याने निघायचे की उजाडेपर्यंत थांबायचे, हे कोण ठरवते? डॉक्टर ठरवत नाही. आई, बाप आणि घरातली आजी ठरवतात. म्हणून आरोग्याचे ज्ञान दवाखान्यात असून भागत नाही, ते चुलीजवळ असावे लागते.

हे ज्ञान चुलीपर्यंत नेण्याचे काम आपल्या महाराष्ट्रात झाले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडून दिलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. तरीही त्या बाळंतपण, लसीकरण, मुलांचा आहार आणि स्वच्छ पाणी यांविषयी शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या.

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेमार्फत काम आरंभिले. लहान मुले निमोनियाने दगावत होती. निमोनिया ओळखण्याची साधी खूण म्हणजे श्वासाची गती. पण ज्या सुईणींना फार पुढे मोजता येत नसे, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी एक साधन तयार झाले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत तांबडा मणी सरकला, तर निमोनिया समजायचा. मित्रहो, शिक्षण सोपे करणे कशाला म्हणतात, याचा हा नमुना आहे.

पुढे १९९५ पासून ‘सर्च’ने तेथील ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी देखभाल सुरू केली. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण दिले आणि आयांबरोबर आज्यांनाही शिकवले. त्या गावांत १९९३ ते १९९५ या काळात जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच जात होती. १९९७-९८ पर्यंत हे प्रमाण हजारी २५ च्या आसपास आले. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हते, तेथे प्रमाण जवळजवळ होते तसेच राहिले.

एका संस्थेला जमले ते इतरांना जमेल काय, ही शंका रास्त होती. २००१ ते २००५ या काळात महाराष्ट्रातील सात स्वयंसेवी संस्थांनी ‘सर्च’शी सहकार्य करून ‘अंकुर’ प्रकल्पाद्वारे हीच पद्धत आपापल्या भागात राबविली. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळाच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर घेतला. दवाखान्यात बाळंतपण झाले, तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने घरी येऊन बाळ पाहायचे असते. घरीच बाळंतपण झाले असेल, तर पहिल्या दिवशीही.

येथे संस्था आली, सरकारही आले. आता तिसरा भागीदार कोण? आपले घर. आशाताई दारात उभी राहिली आणि आपण “बाळ झोपले आहे, नंतर या” असे सांगितले, तर इतक्या वर्षांचे हे सारे श्रम उंबरठ्याबाहेरच थांबतात.

म्हणून माता-भगिनींना माझी विनंती आहे. आशाताईला घरात बोलवा, बाळ दाखवा आणि दादी-नानीला शेजारी बसवा, कारण बाळंतिणीच्या घरात तिचाच शब्द चालतो. बाळाला जन्मानंतर तासाभरात आईचे दूध पाजावे. पहिले घट्ट, पिवळसर दूध फेकू नये. पहिले सहा महिने मध, घुटी किंवा पाणीही देऊ नये. बाळाला कोरड्या कपड्यात गुंडाळून आईच्या अंगाशी ठेवावे. पुरुष मंडळींनी बाळाजवळ विडी ओढू नये. आपल्या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगावे लागते. बाळ दूध ओढीनासे झाले, मलूल पडले, अंग गार पडले किंवा तापले, कण्हू लागले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यासाठीही एक धडा आहे. घरात लहान भावंड खोकत असेल, तर ते शांत असताना त्याच्या पोटाची हालचाल पाहा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर वडिलांना सांगा आणि मुलाला त्याच वेळी दवाखान्यात न्यायला लावा. सातवीच्या मुलीला हे सहज जमते. तिने आईला शिकवले आणि आईने शेजारणीला, म्हणजे एक वही न लागता मोहल्ल्यात वर्ग भरला.

संस्थेच्या चालकांना एक सूचना करतो. वर्षातील एका पालकसभेला आशाताई आणि परिचारिका यांना पाहुण्या म्हणून बोलवावे. त्यांना मंचावर खुर्ची द्यावी आणि बायांना प्रश्न विचारू द्यावेत. याला फारसा खर्च नाही. ज्या बाईला आपण सभेत मान देतो, तिच्या शब्दाला घरातही मान मिळतो.

शाळेचा निकाल आपण दरवर्षी फलकावर लावतो. त्याचबरोबर आपल्या वस्तीत जन्मलेले प्रत्येक मूल सहा वर्षांनी आपल्या शाळेत पहिलीत दाखल व्हावे, हाही निकाल आपण मनात धरू या.