आपले नाव आपण सांभाळावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठे भाषण मला जमणार नाही. पण डब्यात डाळ-तांदूळ किती उरले हे जी बाई चोख सांगते, तिने मतदारयादीत आपल्या घरची कोणती नावे आहेत हेही पाहावे, एवढे सांगण्यास मी उभी आहे.

१९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. यादी करणारे दारी आले तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा भागांत पुष्कळ बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरविले की, स्वतःच्या नावावाचून मतदार नाही. शेवटी सुमारे २८ लाख बायका यादीतून वगळल्या गेल्या. घटनेने दिलेला हक्क एका नावापायी हातचा गेला.

आज आपण नाव सांगतो, पण पुढे त्याकडे पाहत नाही. मोहोपाड्यात आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीतच राहते. रसायनीच्या कारखान्यांमुळे बिऱ्हाडे येतात, जातात. नावे मात्र जागची हलत नाहीत. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही. आणि ओळखपत्र ट्रंकेत जपले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही.

सासूबाई वारल्या तरी त्यांचे नाव कमी करणे आपल्या जिवावर येते. पण भगिनींनो, यादीतले नाव काढणे म्हणजे आठवण पुसणे नव्हे. त्यांच्या नावावर भलत्याने मत टाकू नये, यातच त्यांचा मान आहे.

काम अवघड नाही. नव्या नावासाठी नमुना ६, मयताचे नाव कमी करण्यास नमुना ७, पत्ता बदलण्यास किंवा चूक सुधारण्यास नमुना ८. अर्ज आपल्या भागाच्या बीएलओकडे द्यावा. मुलीला सतरा पुरी झाली की आगाऊ अर्ज करता येतो. अठरा पुरी झाल्यावर नाव यादीत येते.

माझी एक सूचना आहे. प्रत्येक आळीतल्या दोघी-दोघींनी यादी घेऊन घरोघर वाचून दाखवावी. मत कोणाला द्यावे हे विचारू नये. ते ज्याचे त्याने ठरवावे. नाव बरोबर आहे का, एवढेच विचारावे. हळदीकुंकवाला आपण एकही घर चुकवीत नाही. मग यादी वाचताना तरी का चुकवावे?