रक्तदानानंतरचा हिशेब : लोह, हृदय आणि एमआरआय

(रक्तदात्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



अंधेरी-बोरिवलीत काय किंवा घाटकोपर-मुलुंडमध्ये काय, रक्तदान शिबिर कुठेच नाही असा रविवार विरळा. शिबिर आटोपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, पिशव्यांचा आकडा फळ्यावर लिहिला जातो आणि कार्यकर्ता समाधानाने घरी जातो. ते समाधान रास्तच आहे. परंतु त्या पिशवीचा पुढचा प्रवास फारसा कुणाला ठाऊक नसतो. त्यांतील कित्येक पिशव्या थॅलेसिमिया मेजर झालेल्या मुलांना दिल्या जातात. या मुलांच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार होत नाही. म्हणून दर दोन-चार आठवड्यांनी, आयुष्यभर, दुसऱ्याचे रक्त घेणे त्यांना क्रमप्राप्त असते.

आता थोडा हिशेब पाहू. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. शरीर मात्र दिवसाकाठी जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह बाहेर टाकते. जादा लोह काढून टाकण्याची सोय निसर्गाने केलेलीच नाही. वयात आलेल्या रुग्णाला वर्षाकाठी वीस पिशव्या लागल्या, तर चार ग्रॅम लोह शरीरात साठते. निरोगी प्रौढाच्या संपूर्ण देहात एकूण लोह असते ते सुमारे एवढेच! हे लोह यकृतात साठते, अंतःस्रावी ग्रंथींत साठते आणि अखेर हृदयाच्या स्नायूत शिरते. जे रक्त मुलाला जगवते, तेच त्याच्या हृदयाला गंजवू लागते. आपल्या दानात खोट आहे असा याचा अर्थ नव्हे. दानाबरोबर आणखी एक काम आपल्याकडे येते आणि ते बहुधा राहून जाते, एवढाच त्याचा अर्थ.

हार्ट फेल्युअर म्हटले की हृदय बंद पडले असे अनेकांना वाटते. तसे नसते. हृदय चालू असते, पण शरीराला हवे तेवढे रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद उरत नाही. लोहामुळे येणाऱ्या या दुर्बलतेचे कपट असे, की ती शेवटपर्यंत दिसत नाही. मुलगा शाळेत जातो, क्रिकेट खेळतो. इकोच्या तपासणीत हृदयाचे आकुंचन व्यवस्थित दिसते. ते मंदावलेले दिसू लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो. अनेक वर्षे डॉक्टर रक्तातील फेरिटिनच्या आकड्यावरून अदमास बांधत आले. तो आकडाही दगा देतो, हे पुढे सिद्ध झाले.

ते सिद्ध केले एमआरआयने. शरीरातील पाण्यात हायड्रोजन असतो. बलवान चुंबकाच्या क्षेत्रात त्याच्या अणुकेंद्रकांना रेडिओलहरींनी जागे केले की ती संकेत देऊ लागतात आणि तो संकेत हळूहळू विझतो. आसपास लोह असेल तर त्या प्रत्येक कणाभोवती चुंबकीय क्षेत्र विस्कटते आणि संकेत लवकर विझतो. विझण्याचा हा काळ मोजणे म्हणजे टी-टू-स्टार तपासणी. तिला इंजेक्शन लागत नाही, त्यात क्ष-किरण नाहीत. रुग्णाने काही सेकंद श्वास रोखून धरला की हृदयाच्या भिंतीचे मोजमाप होते.

लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातील डॉ. अँडरसन, डॉ. पेनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा काळ २० मिलिसेकंदांच्या खाली गेला तर हृदयात लोह साठल्याचे समजावे. फेरिटिनचा किंवा यकृतातील लोहाचा हृदयातील लोहाशी मेळ बसत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. याच गटाने २००९ मध्ये ६५२ रुग्णांची माहिती मांडली. ज्यांचा काळ ६ मिलिसेकंदांहून कमी होता, त्यांच्यातील ४७ टक्क्यांचे हृदय वर्षभरात दुर्बल झाले. वेळीच कळले तर मात्र लोह बाहेर काढणारी औषधे वाढवून हे संकट टाळता येते. ब्रिटनमध्ये या रुग्णांचा मृत्युदर दर हजार रुग्ण-वर्षांमागे १२.७ वरून ४.३ वर आला. त्यात या तपासणीचा वाटा मोठा मानला जातो.

यात आपल्या मुंबईचाही मान आहे. लोह उतरवण्यासाठी पूर्वी एकच औषध होते. पोटाच्या कातडीखाली सुई टोचून, आठवड्यातले पाच-सहा दिवस, रात्रभर छोट्या पंपाने ते द्यावे लागे. डेफेरिप्रोन ही तोंडाने घ्यायची गोळी इंग्लंडमध्ये शोधली गेली, पण तिला पहिली मान्यता नव्वदच्या दशकात भारताने दिली. तिच्या चाचण्या मुंबईत झाल्या आणि मुंबईच्याच सिप्ला कंपनीने ती ‘केल्फर’ नावाने बाजारात आणली. पाश्चात्त्य देशांत या गोळीवर बरेच वादळ उठले. २००६ मध्ये टी-टू-स्टारनेच दाखवून दिले, की हृदयातील लोह ती जुन्या इंजेक्शनपेक्षा अधिक उतरवते. अमेरिकेने तिला परवानगी दिली ती २०११ मध्ये! मात्र या गोळीने पांढऱ्या पेशी एकाएकी घटू शकतात, म्हणून रक्ताची तपासणी नियमाने करावी लागते. स्वदेशीचा अभिमान बाळगताना ही सावधगिरी सोडून चालणार नाही.

एमआरआय ज्या अणुकेंद्रकीय अनुनादावर चालते, त्याच्या इतिहासातही मुंबईचे नाव आहे. मद्यार्काच्या एका रेणूतील हायड्रोजन वेगवेगळे संकेत देतो, हे १९५१ मध्ये स्टॅनफर्डला दाखवणाऱ्या तिघांपैकी एक डॉ. एस. एस. धर्मट्टी होते. त्यांनी पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शास्त्राची पायाभरणी केली. एवढे असूनही आपली एमआरआय यंत्रे आजवर प्रामुख्याने परदेशातूनच येत राहिली. पवईला आयआयटीच्या आवारात केंद्र सरकारची ‘समीर’ ही संस्था आहे. तिच्या नेतृत्वाखाली दीड टेस्लाचे स्वदेशी यंत्र तयार झाले आणि त्याच्या चाचण्यांसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला. हृदयातील लोह मोजण्यासाठी हेच दीड टेस्लाचे सामर्थ्य प्रमाण मानतात, म्हणून या बातमीचे मोल विशेष. यंत्र स्वस्त झाले तर दरवर्षी तपासणी करणे सामान्य कुटुंबालाही परवडेल.

तोवर कार्यकर्त्यांना करण्यासारखे बरेच आहे. आपल्या परिसरातील थॅलेसिमियाग्रस्त मुलांच्या घरी जावे. साधारण दहाव्या वर्षापासून हृदयाची टी-टू-स्टार तपासणी होते आहे का, औषधे रोज घेतली जातात का, हे आपुलकीने विचारावे. बोरिवली पूर्वेला महापालिकेचे थॅलेसिमिया व अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र आहे. त्याची माहिती प्रत्येक शाखेत आणि प्रत्येक मंडळात असली पाहिजे.

आणि एक नाजूक गोष्ट. फाळणीत सर्वस्व गमावून मुलुंड कॉलनीत नव्याने उभे राहिलेले सिंधी बांधव, तसेच मुलुंड-घाटकोपरचे लोहाणा आणि कच्छी भानुशाली बांधव, यांच्यात या दोषाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात. पण मराठी घरे त्यातून सुटली आहेत असे मुळीच नाही. वाहक स्वतः ठणठणीत असतो. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेत आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. आपण पत्रिकेतील छत्तीस गुण पाहतो, त्याच बैठकीत हिमोग्लोबिन ए-टूच्या तपासणीचा कागदही मागावा. त्याने मुलीला वा मुलाला कमीपणा येत नाही. विवाह आधीच झाला असेल, तर गर्भधारणेची बातमी कळताच पतिपत्नींनी ही तपासणी करावी. दोघेही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास होऊ शकते. त्यासाठी त्याआधीच डॉक्टरांकडे पोहोचावे लागते.