थंडीतल्या लाटा



इतवारीत आमचं लहानसं कापडाचं दुकान आहे. इथून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो मैल दूर. मुलांनी लाटा पाहिल्या त्या टीव्हीवरच. २०१७च्या डिसेंबरच्या सुरुवातीला दुकान धाकट्या भावावर सोपवलं आणि बायको-मुलांसह मालवणला निघालो. कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढे गगनबावड्याचा घाट एसटीने. रस्ताभर मुलांचं एकच, "बाबा, लाटा किती उंच असतात?"

तारकर्लीला पोचलो, तर समुद्र अगदी शांत! मुलगा हिरमुसला. "बाबा, हा तर आपला फुटाळा तलाव." पावसाळी वाऱ्यांनी खवळणारा अरबी समुद्र थंडीत निवळलेला असतो, हे मला कुठे ठाऊक? दुसरा दिवस लाटा शोधत किनारा तुडवण्यातच गेला.

तीन डिसेंबर, दत्तजयंतीची पौर्णिमा. आभाळ भरून आलं होतं, पण वारा फारसा नव्हता. दुपारनंतर पाणी चढू लागलं आणि पाहता पाहता पुरुषभर उंचीच्या लाटा फुटू लागल्या. मुलं नाचायला लागली. मीही पँट दुमडली. तेवढ्यात आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मावशी धावत आल्या. "दादा, पाण्यात जाव नकात!" त्यांचे मालक चार माणसांच्या मदतीने होडी वर ओढत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नव्हता.

रात्री त्यांनी उलगडा केला. दूर समुद्रात 'ओखी' नावाचं चक्रीवादळ होतं. श्रीलंका, कन्याकुमारी, लक्षद्वीप असा फेरा घेत ते उत्तरेकडे येत होतं. वादळाने उठवलेल्या लाटा त्याच्यापुढे शेकडो मैल धावतात; किनाऱ्यावर झाडाचं पानही हलत नसताना येऊन आदळतात. त्यात पौर्णिमेचं उधाण. 'ओखी' हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं. बंगालीत त्याचा अर्थ डोळा.

जवळच्या देवगड बंदरात केरळ-तमिळनाडूच्या शेकडो खलाशांनी आसरा घेतल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. ते वाचले. पण त्यांच्याकडचे कितीतरी मच्छीमार घरी परतलेच नाहीत. पाच तारखेला मुंबईतल्या शाळांना सुट्टी होती. गुजरातच्या किनाऱ्याशी येता येता वादळाचा जोर ओसरला.

श्रोतेहो, ज्या लाटांसाठी आम्ही दोन दिवस वाट पाहिली, त्या कुणाच्या तरी संसारावरून आल्या होत्या. आम्ही त्यांना टाळ्या वाजवत होतो! तेव्हापासून एक शिकलो. थंडीत समुद्र अवचित उसळला, तर आधी किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारावं, मग पँट दुमडावी.

इतवारीत परतल्यावर शेजाऱ्यांनी मुलाला विचारलं, "काय रे, दिसल्या का लाटा?"

तो म्हणाला, "दिसल्या. पण काका, ती माणसं घरी पोचली का?"

उत्तर माझ्याकडेही नव्हतं.