मेलची कणगी कुणाच्या घरात?

श्रोतेहो, पिरंगुट-उरवड्यातले छोटे कारखानदार, पौडला लोकांचे अर्ज आणि कागदपत्रं करून देणारी मंडळी, ताम्हिणीच्या वाटेवर पाहुण्यांना उतरवून घेणारी कुटुंबं, आज मुद्दाम तुमच्याशी बोलायचं आहे. विषय आहे कॉम्प्युटरवर मेल वाचायला कोणता प्रोग्रॅम घ्यावा हा. मेल कसा पाठवायचा, फाइल कशी जोडायची, हे तुम्हाला येतंच. मी विचारणार आहे एकच गोष्ट: त्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही पासवर्ड टाकता, तो पुढे कुणाच्या हातात जातो?

आजच का विचारतोय, सांगतो. विंडोजबरोबर येणारा जुना ‘मेल’ प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला. त्याच्या जागी नवीन आउटलुक आलं. नव्या कॉम्प्युटरवर ते आयतंच असतं. त्यात तुम्ही कारखान्याच्या नावाचा मेल जोडायला गेलात की एक चौकट उघडते. तुमचा मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर घेतला जाईल, असं तिथे लिहिलेलं असतं. खाली पुढे जायचं बटण. आपण काय करतो? मजकूर न वाचता बटण दाबतो. अहो, जमिनीच्या कागदावर सही करताना चार जणांना विचारता ना? मग इथे एवढी घाई कसली?

ते बटण दाबल्यावर काय होतं, ते नीट ऐका. साध्या पासवर्डवर चालणारा मेल असेल, तर तो पासवर्ड तुमच्या कॉम्प्युटरपुरता राहत नाही. तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जातो. मग तो सर्व्हर तुमच्या वतीने मेल उचलतो, स्वतःकडे प्रत ठेवतो आणि नंतर तुम्हाला दाखवतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हाइझ या जर्मन संगणक-प्रकाशनाने हे तपासून दाखवलं. जर्मनीचे तेव्हाचे केंद्रीय डेटा संरक्षण आयुक्त उलरिख केल्बर यांनीही जाहीरपणे काळजी व्यक्त केली. पासवर्ड जाताना वाटेत उघडा पडत नाही, हेही सांगायला हवं. प्रश्न वाटेचा नाही, तो पोचतो कुणाकडे याचा आहे.

आपण आंबेमोहोराच्या मुलखातली माणसं, तेव्हा भाताच्याच भाषेत बोलू. भात गिरणीवर दिलं, तांदूळ तयार झाला, आणायला टेम्पोवाला सांगितला. एक टेम्पोवाला पोती आणतो, तुमच्या कणगीत रिकामी करतो आणि जातो. दुसरा म्हणतो, ‘गिरणीची पावती माझ्याकडेच राहू द्या, मी लागेल तसा उचलीन, माझ्या गोदामात ठेवीन, तुम्ही मागाल तेव्हा पायलीभर आणून देईन.’ माणूस प्रामाणिक असेल, गोदाम कोरडंठाक असेल, मागितला की तांदूळ लगेच मिळेलही. पण पावती त्याच्याकडे राहिली. तुमच्या घरात किती धान्य आहे, कोणत्या महिन्यात किती खपतं, हे आता त्यालाही कळलं. गिरणीवाल्याला ते ठाऊक असतंच, त्याला इलाज नाही. म्हणजे तुम्ही ज्या कंपनीकडून मेल घेतला, तिच्याकडे तुमचा मेल असतोच, प्रोग्रॅम कोणताही वापरा. पण तिसऱ्याला कशाला?

पहिल्या टेम्पोवाल्यासारखा प्रोग्रॅम म्हणजे थंडरबर्ड. मोझिलाचा. २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. फुकट आहे, त्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो. तो तुमच्या मेल कंपनीशी थेट बोलतो आणि पासवर्ड तुमच्याच कॉम्प्युटरवर ठेवतो. मेल उतरवून ठेवायची सोय चालू असली, की श्रावणातल्या पावसात वीज आणि नेट गेलं तरी मागच्या वर्षीची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, इन्व्हर्टरवर उघडून बघता येते.

अजून एक. बाहेरून येणारी चित्रं तो आपणहून उघडत नाही. पुष्कळ मेलमध्ये एका ठिपक्याएवढं चित्र दडवलेलं असतं. ते उघडलं की तुम्ही मेल कधी वाचला हे पाठवणाऱ्याला कळतं. तुमच्या कोटेशनवर घासाघीस करणारा खरेदीदार पलीकडे बसलाय असं समजा. त्याचा मेल तुम्ही रात्री अकराला दोनदा उघडलात, हे त्याला कशाला कळायला हवं?

जीमेलवाल्यांनी गोंधळू नये. थंडरबर्डमध्ये जीमेल जोडताना गूगलचंच पान उघडतं, पासवर्ड तिथेच टाकायचा. प्रोग्रॅमला मिळतो तो फक्त एक परवाना, आणि गूगलच्या खात्यात जाऊन तो केव्हाही काढून घेता येतो. नव्या आउटलुकमध्येही जीमेलचा पासवर्ड गूगलच्याच पानावर टाकता, पण मेलची प्रत मायक्रोसॉफ्टकडे जातेच. कारखान्याच्या नावाचा मेल मात्र पुष्कळदा साध्या पासवर्डवर चालतो. म्हणून तुम्हालाच पुन्हा पुन्हा सांगतोय: पासवर्ड कुणाकडे जातो, ते आधी विचारा.

आता घरच्या कणगीलाही घूस लागते. डिस्क बसली की मेल गेला. प्रत मेल कंपनीकडेही राहील अशी मांडणी ठेवा, आयमॅपची. शिवाय प्रोग्रॅम बंद करून थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर मधूनमधून पेनड्राइव्हवर घ्या. दुसरी गोष्ट, ते मेल डिस्कवर उघडेच पडलेले असतात. एकाच कॉम्प्युटरवर हिशेबनीस, सुपरवायझर आणि शाळेतून आलेला मुलगा बसत असेल, तर कुणीही वाचू शकतो. थंडरबर्डच्या प्रायमरी पासवर्डने साठवलेले पासवर्ड सांभाळले जातात, मेल नाही. विंडोजवर प्रत्येकाचं लॉगिन वेगळं करा, एवढी शिस्त पाळावीच लागेल. क्लाउडवर ठेवल्याने हा त्रास कमी होतो, शोधाशोध झटपट होते, हे मला मान्य आहे. ती सोय घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण चौकट वाचून घ्या. जुनं, पैसे भरून घेतलेलं आउटलुक असेल तर ते वेगळं, ते अजून चालतं. नाव एकच असल्यामुळे फसू नका.

हिंजवडी आपल्याच मुळशी तालुक्यात आहे. अशी सॉफ्टवेअरं लिहिणारी मुलं-मुली आपल्या शेजारी राहतात. त्यांच्यातल्या कुणाला घरी बोलवा, चहा पाजा आणि हाच प्रश्न विचारा.

मेल कुलूपबंद करून पाठवायची सोय थंडरबर्डमध्ये २०२० पासून आतच आहे, ओपनपीजीपी नावाची. त्यात दोन किल्ल्या असतात, एक सगळ्यांना द्यायची, एक स्वतःकडे... पण समोरून वेळ संपत आल्याची खूण होते आहे, तो विषय राहू दे. ज्यांनी नवीन आउटलुकमध्ये कारखान्याचा मेल आधीच जोडलाय, त्यांनी लिहून घ्या. सेटिंगमध्ये खाती बघा. ते खातं काढताना फक्त या कॉम्प्युटरवरून काढायचं की सगळ्या उपकरणांवरून, असं विचारलं जाईल. सगळ्या उपकरणांवरून म्हणा. आणि त्यानंतर, आधी नाही, मेलचा पासवर्ड बदला.