मालवाहू ट्रकच्या रस्त्यावर शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

(यवतमाळ जिल्ह्यात कापूस हंगामाच्या तोंडावर भरलेल्या शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी कृषिविद्या विषय शिकवतो. तेव्हा वाण, लागवडीचे अंतर, खताच्या मात्रा असे काहीतरी ऐकायला मिळेल, या अपेक्षेने आपण आला असाल. ते विषय पुढील सत्रात येणारच आहेत. मी मात्र शेत ते बाजार या मधल्या रस्त्याविषयी बोलणार आहे. बोंडअळी पिकाचे नुकसान करते आणि ते पुढच्या हंगामात भरून काढता येते. रस्त्यावरचे नुकसान भरून निघत नाही.

आपल्या जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७, म्हणजे आताचा ४४, हिंगणघाटकडून येऊन वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी मार्गे आदिलाबादकडे जातो. उत्तर आणि दक्षिण भारतातील माल रात्रंदिवस त्यावरून धावतो. दुसरा क्रमांक ३६१ चा, वर्ध्याकडून कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड मार्गे नांदेडकडे. याशिवाय वणी भागात कोळसा, चुनखडी व सिमेंटची वाहतूक आहे. याच रस्त्यांवरून आपली बंडी, आपला ट्रॅक्टर आणि आपली मोटारसायकल जाते.

सन २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत शंभरातील सुमारे ४४ दुचाकीवरील होती. आपल्याशी संबंधित दोनच घटना सांगतो. १९ मे २०२० रोजी पहाटे आर्णी तालुक्यातील कोळवणजवळ मजुरांना नेणारी एस.टी. बस व ट्रक यांच्या अपघातात चौघांचा मृत्यू झाला. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी यवतमाळहून मुंबईला निघालेली खाजगी बस नाशिकजवळ ट्रकला धडकून पेटली व १२ जण गेले. दोन्ही वेळा पहाटेच्याच आहेत. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ ने चालकाचे काम दिवसाला ८ तासांचे ठरवले होते. पण लांब पल्ल्याच्या गाडीवर रात्रभर जागलेल्या माणसाला पहाटे डुलकी लागते, हे आपण ध्यानात ठेवावे.

आता एक घरची गोष्ट. मी शाळेत असताना माझे काका कापूस विकून सायंकाळी रिकामी बंडी घेऊन परत येत होते. कंदील होता, पण तो जुवाजवळ टांगलेला. मागून येणाऱ्या ट्रकला तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. धडकेत एक बैल जागीच गेला आणि काकांचा पाय कायमचा अधू झाला. गावातील मंडळी चालकाला मारायला धावली. त्याच चालकाने काकांना आपल्या ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेले, म्हणून ते वाचले. काका पुढे अनेक वर्षे सांगत, "त्याला मी दिसलोच नाही रे." पुढे गणित शिकल्यावर त्या वाक्याचा अर्थ मला कळला. तो आपणापुढे मांडतो.

ट्रक लगेच का थांबत नाही?

दहा चाकी ट्रकचे मालासह कमाल वजन २०१८ पासून २८.५ टन आहे. म्हणजे २८५ क्विंटल. ताशी ६० कि.मी. वेगाने असा ट्रक सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जातो. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो, तेवढ्यात २५ मीटर अंतर कापले जाते. ब्रेक लागल्यावर थांबण्यास आणखी ३० ते ३५ मीटर लागतात. एकूण झाले ५५ ते ६० मीटर. रस्ता ओला असल्यास त्याहून अधिक.

समोरून वाहन येत असेल तर चालक दिव्याचा झोत खाली करतो. अशा वेळी त्याला ४० ते ५० मीटरपर्यंतच नीट दिसते. काळ्या रंगाची, विनादिव्याची बंडी किंवा नादुरुस्त होऊन उभी असलेली ट्रॉली त्याला ५० मीटरवर दिसली, तर त्याने कितीही जोरात ब्रेक दाबला तरी धडक टळत नाही. चालक सावध असूनही हे घडते. म्हणून आपण लांबून दिसणे हाच पहिला उपाय होय.

बंडी व ट्रॉलीकरिता उपाय

१) बंडीच्या व ट्रॉलीच्या मागील बाजूस दोन्ही टोकांना लाल परावर्तक किंवा परावर्तक पट्टी लावावी. चांगली पट्टी दीडशे मीटरवरून चमकते. बाजूंनाही पिवळी पट्टी लावावी. बैलांच्या शिंगांनाही पट्टी गुंडाळता येते. खर्च एका फवारणीपेक्षाही कमी आहे.

२) कापूस, कुटार किंवा तुराट्या भरताना माल मागे व बाजूला लोंबतो आणि दिवे झाकले जातात. भरणी झाल्यावर वीस पावले मागे जाऊन स्वतः पाहावे. दिवा आणि पट्टी दिसत नसल्यास माल बांधून घ्यावा.

३) पट्टीवर चिखल व धूळ बसते. निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसावी.

४) वाहन नादुरुस्त झाल्यास रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावे. ते शक्य नसल्यास मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. आपल्याकडे दगड व फांद्या ठेवण्याची पद्धत आहे. वाहन निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि रात्री एखादा दुचाकीस्वार त्यावर आदळतो.

५) ट्रॉलीत मालावर मजूर बसवू नयेत. वेचणीला जाणाऱ्या भगिनी व लहान मुले यांच्याबाबत हे कटाक्षाने पाळावे.

६) चौपदरी रस्त्यावर पलीकडच्या शेतात जाण्यासाठी विरुद्ध दिशेने चालण्याचा मोह होतो. दोन कि.मी.चा फेरा वाचतो, पण समोरून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला त्या बाजूने कोणी येईल अशी कल्पनाही नसते. फेरा घ्यावा.

दुचाकीस्वारांनी काय करावे?

ट्रकच्या चारही बाजूंना चालकाला न दिसणारी जागा असते. अगदी समोर बोनेटलगत, अगदी मागे आणि दोन्ही कडांना. चालक उजवीकडे बसत असल्याने डावीकडची ही जागा सर्वांत मोठी असते. ओळखण्याची सोपी खूण अशी, की ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही.

डावीकडून ट्रकच्या पुढे कधीही जाऊ नये. लांब ट्रक डावीकडे वळताना त्याची मागील चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतून कापून जातात. ट्रक वळण्यासाठी आधी थोडा उजवीकडे सरकतो, डावीकडे जागा झाल्यासारखे वाटते आणि त्या जागेत शिरलेला दुचाकीस्वार मागील चाकाखाली सापडतो. चौकात ट्रकच्या शेजारी न थांबता मागे थांबावे.

ट्रकच्या मागे किमान तीन सेकंदांचे अंतर ठेवावे. ट्रकने एखादे झाड किंवा खांब ओलांडला की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" असे मोजावे. त्याआधी आपण तेथे पोहोचलो तर अंतर कमी आहे. पावसात ते दुप्पट करावे. कडब्याची पेंढी आडवी बांधून किंवा पाठीवर फवारणी पंप घेऊन जाताना भरधाव ट्रकच्या वाऱ्याने तोल जातो, तेव्हा वेग कमी करून हँडल घट्ट धरावे. हेल्मेट डोक्यावर असावे, हँडलला टांगलेले नसावे.

आपल्या शेतीकामामुळे होणारा धोका

या बाबतीत दोष आपल्याकडेही येतो. सोयाबीन व तूर डांबरी रस्त्यावर वाळत घालतात, राखणीला लहान मुले किंवा म्हातारी माणसे बसवतात. दाण्यांवरून दुचाकी घसरते आणि त्यांना चुकवताना ट्रक राखणदाराच्या अंगावर येऊ शकतो. ताडपत्रीवर किंवा खळ्यावरच माल वाळवावा.

पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेली काळी माती रस्त्यावर पडते व तिचे लोण्यासारखे निसरण होते. पांदणीच्या तोंडाशी थांबून चाके खरडावीत. रस्त्याकडेच्या शेतात पऱ्हाटी जाळल्यास धुरात क्षणभर काहीच दिसत नाही. पऱ्हाटी बारीक करून जमिनीत गाडावी अथवा तिचे खत करावे. सेंद्रिय पदार्थ जमिनीला मिळतील आणि रस्ताही मोकळा राहील.

अपघात झाल्यास

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस व राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदत मिळते. पहिला तास सर्वांत मोलाचा असतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोख उपचार मिळतात. ट्रक पळून गेल्यास व त्याचा पत्ता न लागल्यास मृताच्या वारसांना दोन लाख व गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये भरपाईची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. त्याकरिता तहसील कार्यालयात चौकशी करावी. आणि चालकाला मारहाण करू नये. मारहाणीच्या भीतीनेच चालक पळतात आणि जखमी रस्त्यावर राहतो. माझ्या काकांना दवाखान्यात नेणारे दुसरे कोणीही नव्हते.

बंधू-भगिनींनो, बियाणे घेताना आपण पिशवीवरची खूणचिठ्ठी तपासतो. तशीच या हंगामात पहिली बंडी बाजाराला निघण्यापूर्वी मागची लाल पट्टी तपासावी, एवढी विनंती करतो. मेळाव्याहून परत जाताना अंधार पडेल. ज्यांच्या गाडीचा मागील दिवा बंद असेल त्यांनी तो येथेच दुरुस्त करून घ्यावा आणि मगच निघावे.